लाल रोडस्टर आणि 18 हजारांची तपासणी

पत्र

"मी नाशिकचा, वय 36. सातपूरला स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. कॉलेजात असल्यापासून दोन सीटची, छप्पर उघडणारी गाडी घ्यायची हौस होती. मशिनचं कर्ज फिटलं, हातात थोडे पैसे आले. दिल्लीतल्या एका डीलरकडे 2012 ची बीएमडब्ल्यू झेड 4, 35आय मॉडेल, 27 हजार किलोमीटर चाललेली, 24 लाखांना आहे. व्हिडिओ कॉलवर पाहिली. रंग असा लाल आहे की फोटोत पकडताच येत नाही, उन्हात वेगळा, सावलीत वेगळा. आतलं लेदर बिस्किट रंगाचं आहे, एक चरासुद्धा नाही. डीलर म्हणतो, आमच्याकडे 200 मुद्द्यांची तपासणी झाली आहे, रिपोर्ट पाठवतो, तुम्ही 50 हजार टोकन टाका, रविवारी दुसरी पार्टी येतेय. गुरुग्रामच्या एका जर्मन गाड्यांच्या गॅरेजने तपासणीचे 18 हजार सांगितले. वर माझा विमानाचा खर्च. बायको म्हणते, तपासल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. मित्र म्हणतो, मेकॅनिक खोट काढणारच, तो त्याचा धंदा आहे, अशाने तू गाडी कधीच घेणार नाहीस. आमचा नेहमीचा मेकॅनिक म्हणतो, मला घेऊन चला, आवाजावरून सांगतो. काय करू?"

— छप्पर उघडं, नाशिक

उत्तर

तुमच्या पत्रात रंगावर आणि लेदरवर दोन वाक्यं आहेत, इंजिनावर एकही नाही. गाडी मनाने घेऊन झाली आहे, आता फक्त कुणीतरी "घ्या" म्हणावं अशी अपेक्षा दिसते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. रोडस्टर हिशेब करून कुणी घेत नाही. पण म्हणूनच हिशेब दुसऱ्याने करायला हवा, आणि त्या दुसऱ्याला तुमच्याकडून पैसे मिळायला हवेत, डीलरकडून नव्हे.

तेव्हा उत्तर सरळ आहे: तपासणी कराच. 24 लाखांवर 18 हजार म्हणजे पाऊण टक्का. तुमच्या वर्कशॉपमध्ये सेकंडहँड लेथ आणायची असती, तर बेडची झीज डायल लावून पाहिल्याशिवाय तुम्ही आगाऊ रक्कम दिली असती का? इथे मात्र 306 हॉर्सपॉवरचं, दोन टर्बोंचं, सहा सिलिंडरचं इंजिन तुम्ही मोबाइलच्या पडद्यावर पास करायला निघाला आहात.

मित्राच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे, म्हणून ते आधी घेतो. मेकॅनिक खोट काढणारच, हे खरं. एवढ्या वयाच्या गाडीत खोट निघाली नाही, तर मी गाडीवर नाही, मेकॅनिकवर संशय घेईन. तपासणीतून "पास" किंवा "नापास" असा निकाल काढायचा नसतो. पुढच्या दोन वर्षांत या गाडीत किती पैसे जातील, हे आज समजून घ्यायचं असतं. तो आकडा हातात आला की 24 लाख ही किंमत खरी आहे की 24 अधिक पाच, ते कळतं. पाच अधिक असूनही घ्यायची, तर खुशाल घ्या. डोळे उघडे ठेवून घेतलेल्या महागड्या गाडीबद्दल सहसा कुणी रडत नाही.

मात्र विमानाचं तिकीट काढण्याआधी कागद पाहा. हे काम घरबसल्या होतं, जवळजवळ फुकट होतं, आणि दिल्लीच्या गाडीत निम्मी गोम तिथेच असते.

गाडीचा नंबर मागा आणि परिवहन खात्याच्या ॲपवर टाका. कितवा मालक, कर्जाचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, हे दिसतं. बँकेचं नाव दिसत असेल तर कर्ज फिटल्याचं बँकेचं एनओसी आणि फॉर्म 35 (आरसीवरचा बोजा उतरवण्याचा) हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. "फिटलंय, फक्त नोंद राहिलीय" हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. नोंद राहिली असेल तर आधी ती करून घ्या म्हणावं.

मग विम्याची चालू पॉलिसी मागा. सगळ्यांची नजर त्यातल्या आयडीव्हीवर, म्हणजे विमा कंपनीने धरलेल्या गाडीच्या किमतीवर जाते, तुम्ही नो क्लेम बोनसचा रकाना बघा. एक वर्ष क्लेम नसेल तर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनी 50 अशी ती शिडी आहे. गाडी सहा-सात वर्षं एकाच मालकाकडे आहे, "काच सोडून काही बदललं नाही" असं सांगतात, आणि बोनस शून्य किंवा 20 आहे, तर मध्ये क्लेम झालेला असू शकतो. कदाचित पॉलिसी मध्ये लॅप्स झाली असेल. बोनस गाडीला नाही, मालकाला मिळतो, त्यामुळे मालक नुकताच बदलला असला तरी तो कमी दिसेल. हा पुरावा नव्हे, पण प्रश्न विचारायला चांगलं निमित्त आहे. मागच्या तीन-चार वर्षांच्या पॉलिसी मागा. देणारा देतो.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा इतिहास मालकाला मागायला लावा, छापील. तारीख आणि किलोमीटर यांचा रकाना वरून खाली वाचा. 2016 ला 31 हजार आणि 2021 ला 22 हजार असं दिसलं, तर तिथेच विषय संपला.

आता वयाचा मुद्दा. 2012 ची नोंदणी म्हणजे 2027 ला 15 वर्षं. दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात 15 वर्षांपुढची पेट्रोल गाडी चालवण्यावर एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) आणि मग 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली होती. तिची अंमलबजावणी नंतर बरीच मागेपुढे झाली, पण या भीतीनेच तिथल्या गाड्या स्वस्त होऊन महाराष्ट्रात आणि दक्षिणेत येतात. म्हणजे "दिल्लीत स्वस्त" याचं कारण बऱ्याचदा गाडी नसून कॅलेंडर असतं, आणि ते तुमच्या फायद्याचं आहे. फक्त तिथल्या आरटीओचं एनओसी, म्हणजे फॉर्म 28, 15 वर्षांची मुदत बाकी असतानाच निघालेलं बरं. इथे आल्यावर एमएच 15 नंबर घेताना महाराष्ट्राचा कर भरावा लागेल. झेड 4 जर्मनीतून तयार होऊन आलेली गाडी आहे, आणि आयात गाडीला कराचा दर साध्या पेट्रोल गाडीपेक्षा चढा लागतो. नाशिकच्या आरटीओत जाऊन, मॉडेल आणि नोंदणीचं साल सांगून तो आकडा आजच काढा. गाडी पसंत पडल्यावर आकडा कळला की माणूस तो गिळतो. आधी कळला तर भाव करताना बोलतो. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण ते पैसे बजेटमध्ये धरू नका.

एवढं सगळं स्वच्छ निघालं, तरच तिकीट काढा.

तुमच्या नेहमीच्या मेकॅनिकबद्दल. माणूस चांगला असेल, स्विफ्ट आणि इनोव्हा त्याने डोळे मिटून जुळवल्या असतील. त्याला सोबत न्यायला हरकत नाही, प्रवासात कंपनी होईल. पण या तपासणीसाठी तो चालणार नाही. या इंजिनाला डिपस्टिक नाही. ऑइल किती आहे, ते डॅशबोर्डच्या मेन्यूत बघायचं असतं, तेही इंजिन गरम झाल्यावर. बोनेट उघडून जो माणूस डिपस्टिक शोधायला लागतो, त्याला बाजूला घेऊन चहा पाजावा. आवाजावरून त्याला बरंच कळेल, पण थंड इंजिन सुरू होताना हे मॉडेल मिनिटभर मुद्दाम चढ्या आरपीएमवर चालतं, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापतो. हे ज्याला माहीत नाही, तो नेमक्या त्या निरोगी आवाजाला आजार म्हणेल, आणि खऱ्या आजाराला "टर्बो आहे, एवढं चालायचंच" म्हणून सोडून देईल.

गुरुग्रामचं ते गॅरेज ठीक वाटतं, पण पैसे पाठवण्याआधी दोन गोष्टी विचारा. ही गाडी आजवर तुमच्याकडे सर्व्हिसला येत होती का? येत असेल तर दुसरं गॅरेज शोधा. स्वतःच्या कामात कुणी खोट लिहून देत नाही. आणि या डीलरच्या गाड्या तुम्ही नेहमी बघता का? उत्तरात थोडी जरी चुळबुळ जाणवली तरी दुसरं शोधा. दिल्ली-गुरुग्राम पट्ट्यात जर्मन गाड्यांची स्वतंत्र गॅरेजं भरपूर आहेत.

डीलरचा 200 मुद्द्यांचा रिपोर्ट फेकून देऊ नका, वाचा. त्यात वायपर, हॉर्न, सीट बेल्टचं लॉक, कार्पेटची स्वच्छता असे मुद्दे एकेक गुण मिळवून बसलेले असतात, आणि "इंजिन: ठीक" हाही त्यांच्याच रांगेत एक मुद्दा असतो. वायपरचं रबर नि पेट्रोलचा हाय प्रेशर पंप यांना सारखेच गुण देणाऱ्या रिपोर्टवर 24 लाख लावायचे नसतात.

आता गॅरेजवाल्याकडून नेमकं काय करून घ्यायचं, ते सांगतो. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक लोक "जरा बघून घ्या" म्हणतात, आणि मग समोरचा जरा बघूनच घेतो.

35आय मधलं 2012 च्या काळातलं इंजिन म्हणजे बीएमडब्ल्यूचं एन 54. 2007 आणि 2008 अशी लागोपाठ दोन वर्षं त्याला आंतरराष्ट्रीय 'इंजिन ऑफ द इयर' मिळालं होतं. चालवायला अप्रतिम आहे, खोटं बोलणार नाही. पण याच इंजिनाच्या हाय प्रेशर फ्युएल पंपासाठी कंपनीला 2010 मध्ये अमेरिकेत गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, आणि त्या यादीत झेड 4 सुद्धा होती. पुढे पंपात सुधारणा झाल्या. तरी लक्षण ओळखून ठेवा: सकाळी स्टार्टर नेहमीपेक्षा लांब फिरतो, आणि जोरात ॲक्सिलरेटर दाबला की ताकद तुटते. म्हणून गाडी रात्रभर उभी असलेली हवी. तुम्ही पोहोचाल तेव्हा डीलरने ती "गरम करून" ठेवली असेल, तर हात लावून बघा. बोनेट कोमट लागला, तर "दुपारी परत येतो, तोवर सुरू करू नका" असं सांगा. त्यावर तो काय म्हणतो, तेही ऐकून ठेवा.

थंड इंजिन सुरू झाल्यावर पत्र्याचा डबा हलवल्यासारखा खळखळाट आला, तर तो टर्बोच्या वेस्टगेटचा, म्हणजे टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेचा. झिजलेले वेस्टगेट घेऊनही गाडी बरेच दिवस चालते, पण दुरुस्ती टर्बोपर्यंत जाते, आणि टर्बो दोन आहेत. दहा-पंधरा मिनिटं आयडलला ठेवून मग ॲक्सिलरेटर दिल्यावर मागून निळसर धूर आला, तर टर्बोचं सील किंवा आणखी आतलं काही गेलेलं असतं.

पाण्याचा पंप या इंजिनावर विजेवर चालतो, बेल्टवर नाही. तो गेला की आधी कळवत नाही, गाडी तापल्याचा इशारा येतो आणि जिथे असाल तिथे उभं राहावं लागतं. कसारा घाटात उभं राहायची इच्छा नसेल, तर पंप कधी बदलला त्याचं बिल मागा. बिल नाही तर तो बदलायचा आहे असं धरा आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करा. ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केट तसंच. वयाने कडक होतं, ऑइल झिरपतं आणि नेमकं खालच्या बेल्टवर पडतं. काही हजारांचं गॅस्केट वेळेवर बदललं नाही, तर बेल्ट सुटून इंजिनाच्या पुढच्या सीलमध्ये शिरल्याच्या गोष्टी आहेत. टॉर्च घेऊन तिथे बघायला सांगा. पुसून लख्ख केलेलं इंजिन दिसलं तर मी खूश होत नाही. धूळ असलेल्या इंजिनावर गळती दिसते.

पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडत असल्याने इनटेक व्हॉल्व्ह कधी धुतलेच जात नाहीत, त्यांच्यावर काजळीचे थर बसतात. ते काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. ऐकायला गंमत वाटते, पण तोच मान्य उपाय आहे. हे काम कधी झालं का, विचारा. झालं नसेल तर ते खर्चाच्या यादीत जाईल, गाडी नाकारण्याच्या कारणांत नाही.

यानंतर कॉम्प्युटर. दोनशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर नको, बीएमडब्ल्यूचं स्वतःचं सॉफ्टवेअर वापरणारा हवा. कॉम्प्युटरमधल्या बिघाडाच्या नोंदी नुकत्याच पुसल्या असतील तर गाडीच्या अंतर्गत स्वयंचाचण्या "अपूर्ण" दिसतात, आणि हे फार महत्त्वाचं आहे: काल पुसलेली पाटी ही कोरी पाटी नसते. किलोमीटरचा आकडा या गाडीत फक्त मीटरमध्ये राहत नाही. तो दुसऱ्या कंट्रोल युनिटमध्ये असतो, चावीतही साठतो. मीटर मागे फिरवणारा घाईत असेल तर सगळीकडे हात पोहोचत नाही. दोन्ही चाव्या मागा, दोन्ही वाचा. 27 हजारांची गाडी आणि चावीत 60 हजार, असं निघालेलं आहे लोकांच्या बाबतीत.

चालवून बघताना सोबत लॅपटॉप जोडून गॅरेजवाला बसलेला हवा. मोकळा रस्ता, तिसरा गिअर, पूर्ण ॲक्सिलरेटर, आणि त्या वेळी इंधनाचा दाब नि टर्बोचा दाब दोन्ही नोंदवायचे. उभ्या गाडीत जे कधीच दिसत नाही ते इथे दिसतं. डीलरला तुम्ही चालवणं नको असेल, तर त्याचा ड्रायव्हर चालवू दे, नोंद होणं महत्त्वाचं. सात गिअरचा डबल क्लच गिअरबॉक्स मात्र याच्या उलट, अगदी हळू चालवून तपासायचा: चढावर रांगत, ब्रेक सोडून, पार्किंगमध्ये मागे-पुढे. तिथे तो झटके देत असेल तर दिल्लीच्या ट्रॅफिकने त्याचा जीव घेतलेला असतो.

आणि कुणी "स्टेज टू रीमॅप" करून ठेवलंय का, ते बघा. एन 54 मधून वाढीव ताकद काढणं सोपं आहे, म्हणून पोरांनी ती काढलेली असते, आणि विकताना मूळ सॉफ्टवेअर परत टाकलेलं असतं. एक्झॉस्टचे पाइप, इनटेकचे क्लॅम्प, कन्व्हर्टर जागेवर आहे की नुसता पोकळ डबा, यावरून कळतं. ताकद वाढवून चालवलेलं इंजिन मी घेणार नाही. हे माझं मत आहे, पटवून घ्यायची सक्ती नाही.

छप्पर. दोन तुकड्यांचं ॲल्युमिनियमचं, वीस सेकंदांत डिकीत जाणारं. तुम्ही ज्याच्यासाठी गाडी घेताय, ते हेच, आणि व्हिडिओ कॉलवर डीलरने ते एकदा उघडून दाखवलं असेल. तुम्ही लागोपाठ तीन-चार वेळा उघड-बंद करायला लावा. हायड्रॉलिक थकलेलं असेल तर तिसऱ्या खेपेला मध्येच थांबतं किंवा कण्हतं. मग डिकी रिकामी करून सगळी कापडी आवरणं उचला आणि तेलाचे डाग शोधा. शेवटी छप्पर बंद करून वरून पाण्याचा पाइप दहा मिनिटं धरा. दिल्लीत वर्षातले बरेच महिने कोरडे जातात. तुमच्या इथे जुलैत त्र्यंबकच्या बाजूने येणारा पाऊस दिल्लीच्या सीलना कधी भेटलेला नसतो.

आणि पाण्याचा विषय निघालाच आहे. जुलै 2023 मध्ये दिल्लीत यमुना 208.66 मीटरपर्यंत चढली होती, आजवरची सर्वाधिक पातळी. दिल्ली-गुरुग्रामची तळघरातली पार्किंगं तर साध्या जोराच्या पावसातही भरतात. पुण्यात एका गॅरेजमध्ये मी पाहिलं होतं: गाडी चकचकीत, आत नव्या कारचा परफ्यूम. मेकॅनिकने काही न बोलता ड्रायव्हरचा सीट बेल्ट धरला आणि ओढत राहिला, ओढत राहिला, पार शेवटच्या टोकापर्यंत. शेवटच्या हातभर पट्ट्यावर तपकिरी रेघ होती, आणि बोटाला बारीक गाळ लागला. लेदर धुता येतं, कार्पेट बदलता येतं, पण रिळात गुंडाळलेल्या पट्ट्यापर्यंत डिटेलिंगवाला पोहोचलेला नसतो. तुम्ही दोन्ही बेल्ट असेच ओढा. सीटच्या खालच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघा. डिकीच्या तळाखालचा बॅटरीचा कप्पा उघडा. झेड 4 जमिनीला टेकलेली गाडी आहे, फूटभर पाण्यातही तिचं वायरिंग भिजतं. त्याच बेल्टवर शिवलेल्या लेबलवर बेल्ट तयार झाल्याची तारीख असते. गाडी 2012 ची आणि बेल्ट 2018 चा, म्हणजे एअरबॅग फुटण्याइतका अपघात झाला असण्याची शक्यता मोठी.

लिफ्ट. गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय झालेली तपासणी मी तपासणी मानत नाही. आपल्याकडचे स्पीडब्रेकर आणि या गाडीची उंची यांचं जमत नाही, त्यामुळे खालचं प्लास्टिक खरवडलेलं असणारच, त्याचं काही नाही. पण जॅक लावायच्या जागा चेपलेल्या, सबफ्रेमवर (खालच्या सांगाड्यावर) वेल्डिंग, किंवा एका बाजूचेच बोल्ट नवे, असं असेल तर फोटो काढून घ्या. रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजणारं मीटर असतं, ते प्रत्येक पॅनलवर फिरवायला सांगा. 100 ते 180 च्या आसपास आकडे असतील तर रंग मूळचा. कुठे 500-600 दिसलं तर खाली पुट्टी आहे. छपरासाठी ॲल्युमिनियमवर चालणारं मीटर लागतं, हे सांगून ठेवा. तुमचा तो न पकडता येणारा लाल रंग सगळीकडे एकाच जाडीचा निघाला, तर मलाही आनंद होईल.

टायरवर चार आकडी शिक्का असतो: 2315 म्हणजे 2015 सालचा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाड्यांचे टायर दिसायला नवे आणि वयाने म्हातारे असतात. या गाडीला स्टेपनी नसते, पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे रनफ्लॅट टायर असतात, आणि मागचे पुढच्यापेक्षा रुंद. चार टायरची किंमत नाशिकमध्ये विचारूनच जा.

27 हजार किलोमीटर हा आकडा तुम्हाला जितका गोड वाटतो तितका मला वाटत नाही, खरा असला तरी. उभ्या गाडीचं रबर सुकतं, ब्रेक ऑइल पाणी पितं, पेट्रोल टाकीत शिळं होतं. दरवर्षी सर्व्हिस झालेली 55 हजारांची गाडी मी आधी निवडीन.

टोकनचं काय? रविवारची दुसरी पार्टी बहुतेक दर रविवारी येते. तरी डीलरलाही त्याचं काम आहे, एखाद्या नाशिकवाल्यासाठी तो गाडी आठवडाभर का अडकवेल? म्हणून त्याला लेखी कळवा, हिंदीतच: मी अमुक तारखेला येतोय, माझ्या पसंतीच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर गाडी दाखवायची आहे, तपासणीत अपघात, पाणी, किलोमीटर किंवा कागद यांत गडबड निघाली तर टोकन पूर्ण परत, या अटीवर 10 हजार देतो. हे व्हॉट्सॲपवर मान्य केलं तर द्या. "गाडी बाहेर देत नाही" म्हणाला तर गॅरेजवाला तिथे जाऊ शकतो, पण मग लिफ्ट कुठली, हा प्रश्न उरतो, जवळच्या एखाद्या वॉशिंग सेंटरचीही चालेल. गाडी लिफ्टवर चढवायलाच विरोध असेल, तर तुमचे 18 हजार वाचले.

रिपोर्ट हातात आल्यावर टोकनच्या अटीतल्या त्या चार गोष्टींपैकी, म्हणजे अपघात, पाणी, किलोमीटर, कागद यांपैकी, एकातही गडबड निघाली तर परतीचं विमान पकडा, भाव करायला बसू नका. खराब गाडी दोन लाखांनी स्वस्त मिळाली तरी ती खराबच राहते. बाकी सगळं, पंप, गॅस्केट, टायर, काजळी, अगदी वेस्टगेटसुद्धा, पैशांचा विषय आहे. गॅरेजकडून प्रत्येकाचा अंदाजे खर्च लिहून घ्या आणि तो कागद डीलरसमोर ठेवा. आवाज चढवायची गरज नाही. तुम्ही व्यवसाय करता, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमेल. आणि त्याने काहीच कमी केलं नाही, तरी त्या खर्चासकट गाडी परवडते का, हे तुम्हाला तिथल्या तिथे कळेल.

फ्लॅट घेताना आपण वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो, आणि तो स्वच्छ आला म्हणून वकिलाचे पैसे वाया गेले असं कुणी म्हणत नाही. घरी बायकोला हे सांगायची गरज नाही, तिला ते आधीच कळलेलं आहे. मित्राला सांगा.

व्यवहार झालाच तर मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि फॉर्म 30, आणि फॉर्म 28 यांवर मालकाच्या सह्या, चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा, दोन्ही चाव्या आणि सर्व्हिसची बिलं हातात आल्यावरच उरलेली रक्कम बँकेतून द्या, आणि आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्या खात्यात किंवा त्याने डीलरला दिलेलं लेखी अधिकारपत्र बघून. विमा तुमच्या नावावर करायला खरेदीपासून 14 दिवस असतात. तोवर थर्ड पार्टी संरक्षण चालू राहतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचं भरून मिळेलच असं नाही. म्हणून गाडी दिल्लीतून हलवण्याआधीच पॉलिसी नावावर करा आणि ती चालवत न आणता बंद ट्रकमधून मागवा. पाण्याच्या पंपाचं बिल नसलेली गाडी घेऊन मे महिन्यात राजस्थान पार करायचा मोह होईल. पंप नाशिकला बदलून घ्या, मग छप्पर उघडा.